आधी माणूस की आधी जागा?

७ ऑक्टोबर २०२३ रोजी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत पुरुष कबड्डीचा अंतिम सामना भारत आणि इराण यांच्यात होता. सामना संपायला जेमतेम मिनिटभर राहिलेलं, गुण २८-२८. भारताचा कर्णधार पवन सेहरावत चढाईला गेला आणि कुणाला न शिवता लॉबीत, म्हणजे मैदानाच्या कडेच्या पट्टीत, उतरला. त्याच्यामागे इराणचे पकडपटूही लॉबीत शिरले. आता गुण कुणाला आणि किती, यावरून पंच, प्रशिक्षक आणि दोन्ही संघ असे भिडले की खेळ तासभर थांबला. शेवटी भारताने ३३-२९ असं सुवर्णपदक घेतलं. कबड्डीवर जीव असलेल्यांनी तो सामना दातओठ खात पाहिला, आणि नियमपुस्तिका किती पातळ आहे हेही त्याच दिवशी पाहिलं.

दोनच दिवसांनी मुंबईत प्रो कबड्डीच्या दहाव्या हंगामाचा लिलाव सुरू झाला. इराणचा मोहम्मदरेझा शादलुई पुणेरी पलटणने २ कोटी ३५ लाखांना घेतला. लीगच्या इतिहासात तोवर एवढी बोली कुणावर लागली नव्हती, पण तो विक्रम दिवसभरही टिकला नाही. तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतसाठी २ कोटी ६० लाख ५० हजार मोजले. प्रत्येक संघाच्या थैलीत सगळे मिळून ५ कोटी होते. म्हणजे टायटन्सने निम्म्याहून जास्त पैसा एकाच माणसावर लावला आणि उरलेल्या पैशांत बाकीचा संघ उभा करायला घेतला.

पुढे काय झालं ते आकड्यांत सांगता येतं. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला पुणेरी पलटणने हरयाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून पहिलं विजेतेपद घेतलं. तेलुगू टायटन्स २२ सामन्यांपैकी २ जिंकून तळाला राहिले. आणि गंमत अशी, की पवन वाईट खेळला नव्हता. त्याने त्या हंगामात चढाईचे दोनशेहून जास्त गुण कमावले. घेतलेला माल खणखणीत होता, तरी दुकान बसलं.

हे पुस्तक या कोड्याबद्दल आहे. संघ बांधणाऱ्याने बाजारातला सर्वांत चांगला खेळाडू उचलावा, की आपल्या संघात जी जागा रिकामी आहे तिला बसणारा उचलावा? वाद ऐकायला सोपा आहे. कामोठ्यातल्या कुठल्याही चहाच्या टपरीवर लिलावाच्या दिवशी तो ऐकू येतो आणि दोन्ही बाजूंची माणसं दुसऱ्या बाजूला अडाणी समजतात. प्रस्तावना लिहायची म्हणून मी दोन्हींचं बरोबर आहे असं म्हणावं, अशी पद्धत आहे. पण माझं मत वेगळं आहे. या प्रश्नाला एकच एक उत्तर नाही हे खरं, पण म्हणून उत्तरच नाही असंही नाही. खेळाडू तुमच्याकडे किती काळ राहणार, आणि त्या खेळात एका वेळी किती जण आपली कला दाखवू शकतात, एवढं ठरलं की उत्तर बऱ्यापैकी ठरतं. पुढची सगळी प्रकरणं वाचताना मी हेच दोन प्रश्न हाताशी ठेवले.

वादाचं मूळ गाव अमेरिका. तिथल्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये, म्हणजे हेल्मेट घालून अंगावर धावून जाण्याच्या त्यांच्या फुटबॉलमध्ये, १९३० च्या दशकात तीन-चार श्रीमंत संघ चांगले खेळाडू पैशाने ओढून घेत आणि बाकीचे मार खात. फिलाडेल्फिया ईगल्स हा मार खाणाऱ्यांपैकी. त्याचे मालक बर्ट बेल यांनी १९३५ मध्ये सुचवलं, की कॉलेजातून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंची एक यादी करावी आणि सरत्या वर्षी जो संघ तळाला होता त्याला पहिली निवड द्यावी. विचार न्यायाचा होता आणि बेल यांच्या फायद्याचाही, कारण तळाला तेच होते. ८ फेब्रुवारी १९३६ रोजी फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात पहिला ड्राफ्ट झाला: नऊ संघ, नऊ फेऱ्या, ८१ खेळाडू. पहिला मान ईगल्सने जे बर्वँगरला दिला. हा पठ्ठ्या व्यावसायिक फुटबॉलचा एकही सामना खेळला नाही. पैशाचं जमलं नाही आणि त्याने दुसरा उद्योग धरला. संघबांधणीच्या शास्त्राचा श्रीगणेशाच असा झालेला आहे, हे पुढे कुणी फार ठामपणे बोलू लागलं की आठवावं.

ड्राफ्ट आणि लिलाव यांतला फरक इथेच नीट समजून घेतला पाहिजे, कारण आपल्याकडे दोन्ही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. लिलावात पैसा बोलतो: ज्याची थैली आणि छाती मोठी, त्याचा खेळाडू. ड्राफ्टमध्ये पाळी बोलते. तुमची पाळी आली की यादीतलं एक नाव घ्यायचं, त्या नावाचा मोबदला बव्हंशी आधीच ठरलेला असतो, आणि मग इतरांच्या पाळ्या संपेपर्यंत गप्प बसायचं. शाळेच्या मैदानावर दोन कप्तान आलटूनपालटून गडी वाटून घेत आणि शेवटी उरलेल्याला लिंबूटिंबू म्हणून घेत, तोच हा प्रकार. त्यामुळे ड्राफ्टमध्ये प्रश्न अगदी निखळ होतो. भावाची सबब नसते. हा घेऊ की तो, एवढंच.

या निखळ प्रश्नाचं सर्वांत गाजलेलं उत्तर बाल्टिमोरचं. १९९६ मध्ये बाल्टिमोर रेव्हन्स हा संघ नव्याने त्या शहरात आला होता आणि त्याच्याकडे चौथी निवड होती. गरज चेंडू घेऊन पळणाऱ्या गड्याची, त्यांच्या भाषेत रनिंग बॅकची. त्या जागेचा एक नावाजलेला खेळाडू यादीत शिल्लकही होता. पण निवडीची जबाबदारी असलेल्या ओझी न्यूसम यांच्या यादीत वरचं नाव जोनाथन ऑग्डनचं होतं. हा लेफ्ट टॅकल, म्हणजे क्वार्टरबॅकच्या (चेंडू फेकणाऱ्या म्होरक्याच्या) पाठीमागून येणारा धोका अंगावर घेणारा धिप्पाड रक्षक. त्या जागेवर संघात आधीच एक चांगला माणूस होता. न्यूसम यांनी तरीही ऑग्डनला घेतलं, पहिलं वर्ष बाजूच्या जागेवर खेळवलं आणि मग त्याच्या मूळ जागेवर आणलं. त्याच दिवशी २६ व्या पाळीला त्यांनी रे लुईसला घेतलं. जानेवारी २००१ मध्ये रेव्हन्स सुपर बोल जिंकले तेव्हा दोघेही संघात होते आणि पुढे दोघेही त्या खेळाच्या सन्मानदालनात गेले. 'यादीत उरलेला सर्वांत चांगला खेळाडू घ्या, जागेचं नंतर बघू' या पंथाची ही पहिली पोथी.

दुसरी पोथी २००५ ची. ग्रीन बे पॅकर्सकडे ब्रेट फार्व्हसारखा क्वार्टरबॅक होता आणि तो निवृत्त व्हायचं नाव घेत नव्हता. २४ व्या पाळीपर्यंत ॲरन रॉजर्स उरला, तर पॅकर्सनी त्यालाच घेतलं. मैदानावर क्वार्टरबॅक एकच असतो. रॉजर्स तीन हंगाम बाकावर बसला, २००८ पासून खेळू लागला आणि फेब्रुवारी २०११ मध्ये त्याने संघाला विजेतेपद मिळवून दिलं. गरजेच्या नादात तोंड पोळल्याचं उदाहरण हवं असेल तर शेजारच्या बास्केटबॉलमध्ये मिळतं. १९८४ मध्ये पोर्टलंडने मायकेल जॉर्डनला सोडून उंच सॅम बोवीला घेतलं, कारण जॉर्डनच्या जागेवर त्यांच्याकडे क्लाइड ड्रेक्सलर होता. पुढच्याच पाळीला शिकागोने जॉर्डनला उचललं.

या गोष्टी सांगताना एक वाक्य हमखास गाळलं जातं. त्या फुटबॉलमध्ये ड्राफ्टमधून घेतलेला खेळाडू साधारण चार वर्षांच्या कराराने बांधलेला असतो, आणि पहिल्या फेरीतल्याला संघ पाचव्या वर्षीही ठेवू शकतो. रॉजर्सला तीन हंगाम बसवणं परवडलं तेही अशाच लांब करारामुळे. हाती वेळ असला की आजची गरज लहान दिसते. हे वाक्य गाळून 'बाल्टिमोरने बघा काय केलं' असं आपल्याकडच्या लीगला सांगणं म्हणजे आंब्याची कलमं लावणाऱ्याचा सल्ला मेथी पेरणाऱ्याला देणं.

आपल्याकडे निखळ ड्राफ्टचं जे उदाहरण मला सर्वांत बोलकं वाटतं ते क्रिकेटमधलं आहे. २००८ मध्ये आयपीएलच्या पहिल्या हंगामाआधी मोठ्या खेळाडूंचा लिलाव झाला, पण १९ वर्षांखालील विश्वचषक जिंकून आलेल्या पोरांची वाटणी पाळीपाळीने झाली. दिल्लीकडे सेहवाग, गंभीर, शिखर धवन असे फलंदाज होते, गोलंदाजीत भर हवी होती. त्यांनी डावखुरा वेगवान गोलंदाज प्रदीप संगवान घेतला. विश्वविजेत्या संघाचा कर्णधार, दिल्लीचाच विराट कोहली, बंगळूरुकडे गेला. आज हे हसण्यावारी नेणं सोपं आहे. पण त्या खोलीत बसून विचार केला तर दिल्लीचं गणित चुकीचं नव्हतं, फक्त फार जवळचं होतं. आणि दुसरी बाजूही सांगून टाकतो: कोहली हाती असून बंगळूरुला पहिला चषक ३ जून २०२५ रोजी मिळाला. अव्वल खेळाडू घेतला म्हणजे संघ झाला असं मानणाऱ्यांनी ही सतरा वर्षंही मोजावीत.

आता कबड्डी. हा विषय मी मुद्दाम उशिरा काढतो आहे, कारण आमच्या भागात तो एकदा निघाला की दुसरं काही बोलता येत नाही.

मानसरोवर आणि खांदेश्वर या दोन स्टेशनांचं कामोठे आज इमारतींच्या रांगांनी ओळखलं जातं. घाटावरून, कोकणातून, मुंबईच्या चाळींतून आलेली कुटुंबं सिडकोच्या सेक्टरांत राहतात. पण सेक्टरांच्या कुशीत कामोठे आणि जुई ही मूळ गावं आहेत, आणि पनवेल-उरण-पेण-अलिबाग या पट्ट्यातल्या आगरी-कोळी गावांना कबड्डी शिकवावी लागत नाही. हिवाळ्यात रात्री दिवे लावून स्पर्धा होतात, मंडळाच्या नावाने संघ उतरतात, आणि मैदानाकडेच्या माणसांना प्रत्येक पोराचा कोणता पाय पुढे पडतो हे ठाऊक असतं. या गावच्या संघांना 'निवड' नावाची चैन कधी नव्हती. गावात जन्मलेली पोरं हाच संघ. डावा कोपरा नाही म्हणून शेजारच्या गावातून आणता येत नसे, आणला तर भांडणं होत. मग घरच्याच एखाद्या चढाईवाल्याला कोपऱ्यात उभं करायचं, त्याच्याकडून घोट्याची पकड घोटून घ्यायची. खेळाडू असा दोन्ही अंगांनी तयार होई. रिकामी जागा हीच त्याची शाळा होती. संघाची गरज आणि खेळाडूची कला या दोन वेगळ्या वस्तू आहेत हे गृहीतच मुळात बाजाराने आणलेलं आहे. गावच्या मातीवर गरजेपोटी कला येत असे.

मुंबईची रीत निराळी. तिथल्या कबड्डीला गिरण्या, बँका, पोर्ट ट्रस्ट, रेल्वे, पोलीस यांनी पोसलं. खेळाडूला नोकरी मिळे, तीही निवृत्तीपर्यंतची. खेळणार दहा-बारा वर्षं, पगार तीसेक वर्षं. अशा ठिकाणी साहेब 'यंदा आपल्याला उजवा मध्यरक्षक हवा' एवढ्यावरून माणूस घेत नसे. चांगला दिसला की घ्यायचा, जागा यथावकाश होईल. अमेरिकेतल्या लांब करारांचं जे तर्कशास्त्र आहे तेच परळ-लालबागच्या मैदानांवर कुणी पुस्तक न वाचता चालवत होतं. शंकरराव साळवी, म्हणजे बुवा साळवी, यांचा १५ जुलै हा जन्मदिवस महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळला जातो. बुवांच्या पिढीने खेळाला नियम आणि संघटना दिली. खेळाडूच्या पोटाची सोय या कचेऱ्यांनी केली. दोन्ही नसतं तर २०१४ मध्ये लीगवाल्यांना विकायला काही सापडलं नसतं.

२६ जुलै २०१४ ला प्रो कबड्डी सुरू झाली. पहिल्या लिलावात सर्वांत महाग गेला तो राकेश कुमार, पाटणा पायरेट्सकडे, १२ लाख ८० हजारांना. नऊ वर्षांनी तोच आकडा २ कोटी ६० लाखांवर गेला. पैसा वाढला तसे खेळाडूचे कप्पेही घट्ट झाले: चढाईपटू, कोपरारक्षक, मध्यरक्षक, अष्टपैलू. आणि मग वाद आमच्या दारात आला.

इथे माझा दुसरा प्रश्न उपयोगी पडतो, एका वेळी किती जण आपली कला दाखवू शकतात हा. कबड्डीचा सामना ४० मिनिटांचा, चढाई ३० सेकंदांची, आणि चढाया आलटूनपालटून. म्हणजे एका संघाच्या वाट्याला ढोबळमानाने चाळीसएक चढाया. या चाळीस चढाया हीच खरी इस्टेट. एक अव्वल चढाईवाला घेतलात तर त्यातल्या वीस-बावीस तो करील. तेवढ्याच तोलामोलाचा दुसरा आणलात तर दोघांत वाटणी होणार. दुसऱ्याची किंमत पहिल्याएवढी द्यायची आणि काम अर्धं घ्यायचं. पकडीचं तसं नाही. समोरचा चढाईला आला की सातही जण एकाच वेळी मैदानात असतात, कोपरा आणि त्याच्या बाजूचा मध्यरक्षक जोडीने पकड करतात, साखळी तुटली की पाचजण वाया जातात. क्रिकेटमध्ये सहा उत्तम फलंदाज घेतले तर ओळीने खेळू तरी शकतात. कबड्डीत कलेला रांगेत उभं राहावं लागतं.

त्याहून कठीण भाग बाद होण्याचा. चढाईवाला पकडला गेला की तो बाहेर बसतो, आणि आपल्या संघाने गुण मिळवल्याशिवाय परत येत नाही. तुमचा अडीच कोटींचा माणूस बाकावर आहे. त्याला उठवायचं तर कुणीतरी पकड करायला हवी किंवा दुसऱ्याने गुण आणायला हवा. ते कुणीतरी घ्यायला पैसे उरलेले नसतील तर अडीच कोटी बाकावर बसून चढाईमागून चढाई कशी वाया जाते ते बघत राहतात. टायटन्सचा दहावा हंगाम मला असा समजतो. पवन आपलं काम करत होता, पण तो बाहेर गेल्यावर संघाकडे काम उरत नव्हतं.

टायटन्सना हा धडा आधीच एकदा मिळाला होता. २०१८ च्या लिलावात यू मुंबाने कोल्हापूर जिल्ह्यातला सिद्धार्थ देसाई ३६ लाख ४० हजारांना घेतला. नवखा पोरगा, पहिल्याच हंगामात चढाईचे दोनशेवर गुण करून बसला. पुढच्या वर्षी टायटन्सनी त्याच्यावर १ कोटी ४५ लाख लावले. देसाईने तिथेही दोनशेचा टप्पा ओलांडला. संघ बारांत अकरावा आला. यू मुंबाकडे त्याच्यामागे पकडीची भिंत होती, टायटन्सकडे नव्हती. पोरगा तोच होता.

मग गरज हाच खरा धर्म का? तेही नाही, आणि याचं उदाहरणही पवनचंच आहे. नवव्या हंगामात, २०२२ मध्ये, तमिळ थलायवाजनी त्याला सव्वादोन कोटींहून जास्त देऊन घेतलं. त्यांना चढाईवाला हवाच होता. म्हणजे कला आणि गरज दोन्ही एकाच नावात आली. पहिल्याच सामन्यात पवनचा गुडघा गेला आणि त्याचा हंगाम तिथेच संपला. लिलावाच्या खोलीत काढलेली गरजांची यादी पहिला सामना संपेपर्यंतही टिकली नाही. त्या जागी नरेंदर कंडोला हा नवा पोरगा उभा राहिला, त्याने चढाईचे २४० हून जास्त गुण केले आणि थलायवाज पहिल्यांदाच उपांत्य फेरीत पोचले. तिथे पुणेरी पलटणने त्यांना ३९-३७ असं थोडक्यात काढलं. कंडोला संघात होता तो कुणाच्या गरजेच्या यादीत वर होता म्हणून नव्हे. तो चांगला होता, म्हणून कुणीतरी त्याला आधीच धरून ठेवलं होतं.

गरज हा शब्द बैठकीत फार सोयीचा असतो, हेही सांगायला हवं. 'आपल्याला डावा कोपरा हवा होता' असं म्हटलं की उद्या तो कोपरा फसला तरी निवडणारा सुटतो. जागा तर खरोखर रिकामी होती ना! 'हा पोरगा मला मोठा वाटला' असं म्हणणाऱ्याला मात्र स्वतःची नजर पणाला लावावी लागते. अमेरिकेत काय, नगर-रायगडच्या निवड चाचणीत काय, घाबरलेला निवडकर्ता नेहमी गरजेच्या आड उभा राहतो. उलट मालक मंडळींना नावाचा मोह असतो. कॅमेरा समोर असला की पाटी उचललेला हात खाली यायला तयार नसतो. लिलावाच्या दिवशी या दोन दुबळेपणांची गाठ पडते आणि त्यातून जो संघ बाहेर येतो त्याला आपण नंतर धोरण म्हणतो.

याची छोटी आवृत्ती पाहायची तर कामोठे-खारघर-कळंबोलीच्या सोसायट्यांत टेनिस बॉलच्या लीग होतात, त्यांच्या लिलावाला जाऊन बसावं. खरे पैसे नसतात, पॉइंट असतात; पण मालक खरे, टी-शर्ट खरे आणि राग तर अगदीच खरा. पहिल्या अर्ध्या तासात लांब सिक्स मारणाऱ्या तिघाचौघांवर सगळे पॉइंट उधळले जातात. शेवटी एखाद्या संघाच्या लक्षात येतं की यष्टिरक्षकच नाही. मग ज्याला कुणी बोली लावली नव्हती त्या मध्यमवयीन गृहस्थांचा भाव एकदम चढतो. इथे मात्र मी बिनशर्त गरजेच्या बाजूने आहे. स्पर्धा शनिवार-रविवारची. दोन दिवसांत कुणाची कला फुलणार नाही आणि कुणाला बाकावर बसवून तयार करायला वेळ नाही. जागा भरा आणि खेळा.

दोन दिवसांची लीग एका टोकाला, बँकेची जन्मभराची नोकरी दुसऱ्या टोकाला, आणि प्रो कबड्डी मधे. लीगमध्ये संघाला काही खेळाडू राखता येतात, बाकीचे पुन्हा बाजारात जातात. म्हणून तिथे दोन्ही नियम एकाच संघाला वेगवेगळ्या वेळी पाळावे लागतात, आणि ते पुणेरी पलटणने नीट केलं असं मला वाटतं. त्यांनी युवा पलटण नावाने कोवळी पोरं आधीच जमवायला घेतली. नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार त्यातलाच. मोहित गोयत, आकाश शिंदे, पंकज मोहिते, संकेत सावंत, अभिनेष नटराजन ही पोरं महागाईत घेतलेली नाहीत. वाढू दिलेली आहेत. स्वस्त असताना, जागेचा हिशेब न करता, नजरेवर भरवसा ठेवून घेतलेली कला ती ही. नवव्या हंगामात हा संघ अंतिम सामन्यात जयपूरकडून ३३-२९ असा हरला. तेव्हा डाव्या कोपऱ्यात इराणचा अनुभवी फजल अत्राचली होता, १ कोटी ३८ लाखांचा. पुढच्या लिलावाआधी त्यांनी त्याला मोकळं केलं. म्हणजे आता भोक एकच होतं आणि ते कुठे आहे हे नेमकं माहीत होतं. त्या एका जागेसाठी २ कोटी ३५ लाख मोजले ते उधळपट्टी नव्हती. शादलुईने हंगामात पकडीचे ९९ गुण केले. कर्णधारपद इनामदारकडे होतं.

तोच बाजार, तीच ५ कोटींची थैली, जवळपास तेवढीच बोली. एकाने घर बांधून झाल्यावर दार बसवलं, दुसऱ्याने आधी दार विकत घेतलं.

खो-खोबद्दल पुस्तकात एकच प्रकरण आहे. ते मोठं हवं होतं, कारण मराठी मातीतल्या खेळांपैकी खरा ड्राफ्ट तिथेच झाला. २०२२ मध्ये अल्टिमेट खो-खो सुरू झाली. सहा संघ, सामने पुण्याच्या बालेवाडीत, आणि खेळाडूंची श्रेणी व मानधन आधी ठरवून पाळीपाळीने निवड. पारंपरिक खो-खोत प्रत्येकाने पळायचंही आणि पाठलागही करायचा. निव्वळ पळणारा किंवा निव्वळ खांबावर सूर मारणारा असा कप्पा नव्हता. लीगने वजीर, म्हणजे कुठल्याही दिशेला पळू शकणारा पाठलागी, आणला, गुणांची रीत बदलली आणि एकाएकी संघांना 'आमच्याकडे बचावपटू कमी आहेत' असं वाटू लागलं. गरज नियमांतून जन्मते याचा याहून स्वच्छ नमुना नाही. पहिल्या हंगामाचा अंतिम सामना ओडिशाने तेलुगू योद्धाजकडून ४६-४५ असा एका गुणाने घेतला. त्या पराभूत संघाचा कर्णधार प्रतीक वाईकर पुढे जानेवारी २०२५ मध्ये पहिला खो-खो विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघाचा कर्णधार झाला.

मुलींच्या कबड्डीवर प्रकरण नाही, आणि त्याचं कारण पुस्तकाबाहेर आहे. २०१६ मध्ये तीन संघांची महिला स्पर्धा प्रो कबड्डीच्या जोडीने भरवली गेली, ती पुढे चालवली नाही. ज्यांच्यावर बोलीच लागत नाही त्यांच्याबाबत कला की गरज हा वाद घालायचा कुणी?

पुस्तकातल्या एका गोष्टीशी माझं जमत नाही, ते नोंदवून ठेवतो. लिलावातला भाव हा खेळाडूच्या गुणवत्तेचा बरा अंदाज असतो, असं त्यात दोनतीन ठिकाणी धरलेलं आहे. भाव सांगतो तो, त्या घटकेला त्या खोलीत किती जणांना एकच जागा भरायची होती एवढंच. दोन संघांना कोपरा हवा असला की साधा कोपराही महाग होतो. कुणालाच नको असला की सोनंही पायाभूत किमतीला जातं. ३६ लाखांचा देसाई आणि १ कोटी ४५ लाखांचा देसाई यांत एका वर्षाचं अंतर होतं, चौपट गुणवत्तेचं नव्हे.

सुरुवातीचं प्रकरण मे २०१८ च्या लिलावावर आहे आणि ती निवड मला पटली. कबड्डीत कोटीचा आकडा तेव्हा पहिल्यांदा उच्चारला गेला. तो चढाईवाल्यासाठी नव्हता. यू मुंबाने फजल अत्राचलीवर, एका कोपरारक्षकावर, पूर्ण १ कोटी लावले. मग बांध फुटला. दीपक हुडा, नितीन तोमर, राहुल चौधरी, रिशांक देवाडिगा आणि १ कोटी ५१ लाखांचा मोनू गोयत असे आणखी पाचजण त्याच लिलावात फजलच्या वर गेले, आणि पाचहीजण गुण आणणारे. मोनूचा हरयाणा संघ त्या हंगामात आपल्या गटात शेवटचा राहिला. यू मुंबाने कोपऱ्यावर कोट खर्चून झाल्यावर उरलेल्या पैशांत चढाईसाठी कुणाला घेतलं, हे वर येऊन गेलंच आहे.